सागवान, कंपोझिट आणि अण्णांची शेड

घर बांधायला काढलं की माणसाचं डोकं थोडं हललेलं असतं, आणि अशी हललेली माणसं दिवसभर आमच्या दुकानात येतात. त्यामुळे संध्याकाळी झाडू मारताना जेवढा भुसा निघतो, साधारण तेवढेच किस्से निघतात. भुसा लोक बंबात घालायला घेऊन जातात. किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहतात. म्हटलं, आज तेही काढून टाकू.

दुकान पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे. खिडक्यांच्या झडपांचं. दोन भावांचं. थोरले अण्णा, धाकटे विलासकाका. मी बी.कॉम. झाल्यावर 'रिझल्ट लागेपर्यंत बस जरा काउंटरवर' म्हणून लागले. रिझल्ट लागून गेला, बसायला अजून मिळालेलं नाही.

अण्णांचं सगळं सागवानात. दुकानामागे त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे अण्णा आणि त्यांचे सुतार झडपा बनवतात. रंधा चालला की अख्ख्या गल्लीला वास येतो. विलासकाकांनी मात्र गणपतीच्या सुमारास एक नवीन माल आणला, कंपोझिट. म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून दाबून केलेली झडप, वर लाकडासारख्या रेषा. तयारच येते फॅक्टरीतून. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, पॉलिश नको.

अण्णांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, 'भेळ'. विलासकाकांनी सागवानाचं ठेवलं, 'वाळवीचा डबा'.

इथपर्यंत गंमत होती. पण तयार माल ठेवायला जागा लागते, आणि जागा म्हणजे शेड. विलासकाकांचं म्हणणं, "अण्णा, जमाना बदलला. शेडचं गोडाऊन करू." अण्णांचं म्हणणं, "मी मेल्यावर कर."

शेवटी गंगापूर रोडच्या एका बिल्डरच्या ऑर्डरवर गाडी येऊन थांबली. बंगल्यांची मोठी स्कीम. शिरसाठसाहेब म्हणाले, "सँपल बंगल्याच्या हॉलमध्ये एक खिडकी लाकडाची लावा, एक कंपोझिटची. पुढचा पावसाळा जाऊ दे त्यांच्यावरून. श्रावण संपला की ठरवतो." दोघा भावांनी एकमेकांना शब्द दिला. सगळी ऑर्डर कंपोझिटची आली, तर शेड बंद; सगळी सागवानाची आली, तर कंपोझिट बंद.

तेव्हापासून विलासकाका हातात टेप घेऊन शेडमध्ये मापं घ्यायचे, आणि टेपचं दुसरं टोक अण्णांनाच धरायला लावायचे. अण्णा धरायचेही. सवय हो.

*

पहिला किस्सा खंडेनवमीचा. त्या दिवशी अण्णा शेडमध्ये पाट मांडतात, त्यावर रंधे, करवती, पटाश्या, झेंडूची फुलं. सगळी हत्यारं धुऊनपुसून पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

विलासकाकांना त्या वर्षी काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "पूजा फक्त रंध्यांचीच का? माझी काय हत्यारं नाहीत?"

अण्णा म्हणाले, "आण की."

विलासकाकांनी ड्रिल मशीन आणलं. सगळे स्क्रू ड्रायव्हर आणले, अगदी खिशातला टेस्टरसुद्धा. अण्णांनी कसलीही कुरकुर न करता एकेकाला हळदकुंकू लावलं. ड्रिलला तर हारच घातला. विलासकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, भरून आल्यासारखा.

तेवढ्यात फोन. इंदिरानगरच्या कुलकर्णी टीचर, कंपोझिटच्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. एका झडपेचे स्क्रू ढिले झालेत, ती एकाच बिजागरीवर लोंबतेय आणि उद्या दसऱ्याला पाहुणे येणार.

विलासकाकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलायला हात घातला.

"ठेव," अण्णा म्हणाले. "पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाही."

"अहो, पण गिऱ्हाईक..."

"मी म्हटलं होतं का सगळी आण म्हणून?"

विलासकाका रिकाम्या हातांनी इंदिरानगरला गेले. टीचरना म्हणाले, "एखादी सुरी द्या." टीचर म्हणाल्या, "आज विळी-सुरीसुद्धा पुजलीय हो. मी स्वतः सकाळपासून हाताने कोबी तोडतेय." शेवटी काकांनी रुपयाच्या नाण्याने सगळे स्क्रू आवळले. परत आले तर अंगठा टम्म सुजलेला.

अण्णांनी अंगठा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "लक्ष्मीपूजन अजून व्हायचंय म्हणून वाचलास."

*

तुम्ही मार्क केलंय का बघा, लाकडाच्या वस्तूपाशी गेलं की माणूस आधी त्यावर टकटक करतो. का करतो, काय ऐकतो, कुणालाच माहीत नाही. पण करतो, आणि मग मान हलवतो.

सागवान टणटण वाजतं. कंपोझिट वाजतं थप्प, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखं. गिऱ्हाईक थप्प ऐकलं की पाय मागे घ्यायचं. विलासकाकांनी मग मस्त पाटी रंगवून घेतली, 'कृपया झडपेवर टकटक करू नये'. झालं. ज्यांच्या मनातही नव्हतं तेही टकटक करायला लागले.

त्यात अण्णांनी नवीनच सुरू केलं. सागवानी झडप मागच्या बाजूला, शेडच्या दाराशी टांगलेली असायची. कुणी तिच्यावर टकटक केलं की आतून अण्णा खणखणीत आवाजात विचारायचे, "कोण आहे? आत या."

गिऱ्हाईक हसायचं. विलासकाका जळायचे.

एक दिवस मखमलाबादचे एक आजोबा आले. मळा होता त्यांचा, गुलाब करायचे. डोक्याला टोपी, कानाला कमी ऐकू येत असावं. त्यांनी आधी कंपोझिटवर टकटक केलं. थांबले. परत केलं. परत थांबले. मग सागवानाकडे गेले आणि टकटक केलं.

"या, आत या," अण्णा आतून.

आजोबा माझ्याकडे वळले. एकदम सिरियस चेहरा. म्हणाले, "पोरी, हिच्यात माणूस हाय. हीच दे."

*

आता देवळ्याचे आप्पा. कांद्याने त्या वर्षी हात दिला होता, त्यामुळे आप्पांनी नवं घर काढलेलं. जुन्या घराच्या चौकटी वाळवीने पार पोखरलेल्या.

आप्पा आले ते बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन. मला वाटलं, काहीतरी खायला आणलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "दमानं, ताई. आमच्या घरची वाळवी हाय."

मी स्टुलावर चढले ती उतरलेच नाही.

आप्पांचा हिशेब सोपा होता. "लोकांची वाळवी येगळी, आमची येगळी. आमची लय हावरी शे. डब्यात दोन्ही तुकडे टाका. जे हिला आवडणार नाय, ते मी घेनार."

विलासकाका तर नाचायचेच बाकी राहिले होते. "बघा अण्णा, आज निकाल." अण्णांनी पक्क्या गाभ्यातला सागवानाचा तुकडा निवडून आणला आणि स्वतःच्या हाताने डब्यात ठेवला. शेजारी भेळेचा तुकडा. आप्पा म्हणाले, पुढच्या बाजाराला येतो, आणि निघून गेले.

विलासकाकांना दम निघेना. दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायचे, "लागली का, लागली का?" आणि एकदा झाकण लावायलाच विसरले.

आप्पा परत आले. डबा उघडा. सागवानाचा तुकडा जसाच्या तसा. कंपोझिटचा तुकडा जसाच्या तसा. वाळवी गायब.

आप्पांनी दुकानभर नजर फिरवली, चप्पल काढून खाली बसले आणि माझ्या काउंटरच्या पायावर बोट ठेवलं. पायाभोवती मातीची बारीक रेघ वर चढत होती. "ताई, ह्यो कशाचा हाय?"

"प्लायवूडचा."

"ह्यो मात्र लय आवडला तिला."

एवढं होऊन आप्पांनी ऑर्डर काय दिली असेल? पुढच्या खिडक्या सागवानी, मागच्या सगळ्या कंपोझिट. विलासकाकांनी विचारलं, "अहो, असं का?"

"सोयरे पुढून येत्यात," आप्पा म्हणाले, "वाळवी मागून."

मी गेली दोन वर्षं गिऱ्हाइकांना तासतास समजावून सांगते ना, ते सगळं या एका वाक्यात आहे. नवीन काउंटरही आम्ही मग सागवानाचाच केला. विलासकाका म्हणाले, कंपोझिटचा करू. पण अण्णांनी रविवारीच बनवून टाकला होता.

*

उन्हाळ्यात विलासकाकांनी गडद चॉकलेटी रंगाची झडप पश्चिमेच्या उन्हात शोला लावली. मे महिन्यात ती अशी वाकली की बंद केली तरी मधून मांजर जाईल. अण्णांनी खाली खडूने लिहिलं, 'पापड वाळत आहेत'.

विलासकाकांनी ते पुसलं नाही. जून लागला, शेडमधल्या सागवानी झडपा दमटपणाने फुगल्या, तेव्हा खडू घेऊन गेले आणि तिथे लिहिलं, 'पुऱ्या तळणे चालू'.

तर तुम्ही मला विचाराल, ताई, दोन्हींत चांगलं काय, तर मी हेच सांगते. तुम्हाला पापड चालेल का पुरी?

*

मनमाडचे एक रिटायर्ड गार्डसाहेब होते. सगळी नोकरी रेल्वे क्वार्टर्समध्ये गेली, रिटायर झाल्यावर नाशिकरोडला रुळांच्या जवळच बंगला बांधला. घेतल्या सगळ्या कंपोझिट झडपा. घट्ट बसतात, आवाज आत येत नाही, धूळ येत नाही. विलासकाकांनी छाती फुगवून बसवून दिल्या.

आठवड्यात गार्डसाहेब हजर. डोळे लाल.

"झोप नाही हो. तुमच्या खिडक्या वाजत नाहीत."

"मग चांगलंच आहे ना साहेब."

"काय चांगलं? गाडी गेली की खिडकी वाजली पाहिजे. नाहीतर गेली का नाही, कसं कळणार? मी पडल्या पडल्या वाट बघत बसतो."

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने डोक्याला हात लावलेला. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. विलासकाका गेले आणि बेडरूमच्या झडपेच्या बिजागऱ्या मापात ढिल्या करून आले. गाडी गेली की कडकड कडकड. गार्डसाहेब गाढ झोपायला लागले.

पुढे कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसला आला. त्याने ती झडप बघितली, शॉक लागल्यासारखा झाला आणि सगळे स्क्रू फिट करून गेला. दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब परत आमच्या दारात.

अण्णा पुढे झाले. "साहेब, एवढा त्रास कशाला? आमची सागवानी बसवा. दर पावसाळ्यानंतर आपोआप सैल होते, आपोआप वाजते. कुणी यावं लागत नाही."

विलासकाकांनी टेप काढला आणि ते शेडकडे गेले. मागोमाग अण्णा गेले, टोक धरायला.

*

जूनच्या शेवटी विलासकाकांनी दुकानासमोर पाण्याचा मोठा निळा ड्रम ठेवला. "आता बोलणं बंद. डायरेक्ट प्रूफ." ड्रममध्ये दोन्ही झडपा टाकायच्या, चार दिवस ठेवायच्या, मग लोकांनीच बघावं कोण फुगतं.

आयडिया भारी होती. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. कंपोझिट भरीव, वजनाला जड. टाकल्याबरोबर तळाला. सागवान मजेत वर तरंगतंय.

लोक यायचे, वाकून बघायचे. "दुसरी कुठे?"

"खाली आहे."

"बुडाली?"

"बुडाली नाही, खाली आहे."

तेवढ्यात गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठच्या, एक काकू आल्या. त्यांचं घर घाटाच्या इतक्या जवळ की मोठा पूर आला की ओट्यापर्यंत पाणी ठरलेलं. त्यांनी ड्रममध्ये बघितलं आणि बोट दाखवलं. "ही द्या मला. तरंगणारी."

विलासकाका अगदी पोटतिडकीने सांगायला लागले, "काकू, अहो तुमच्याकडे तर कंपोझिटच पाहिजे. ही फुगते पाण्याने."

"फुगू दे," काकू म्हणाल्या. "सापडेल तरी."

*

आणि आता तो श्रावण संपल्यावरचा दिवस.

सकाळपासून अण्णांचे सुतार उगाचच हत्यारांना धार लावत बसलेले. विलासकाकांचा टेप टेबलावर. शिरसाठसाहेबांचा फोन आला, बंगल्यावर या. दोघे भाऊ स्कूटरवर, मागे मी माझ्या स्कूटीवर. झिमझिम पाऊस.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब यायचे होते. हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींना दोन खिडक्या. पूर्वेला सागवानी, पश्चिमेला कंपोझिट. पावसाळाभर त्यांना कुणी हात लावला नव्हता.

दोघांनी काय केलं माहितीये? विलासकाका सरळ सागवानी खिडकीकडे गेले आणि अण्णा कंपोझिटकडे. दुसऱ्याच्या मालात खोट शोधायला, दुसरं काय!

आणि दोघांनाही सापडली.

विलासकाकांनी सागवानी झडप ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली. फुगून चौकटीत अशी बसली होती की पहार आणावी लागली असती. तिकडे अण्णांनी कंपोझिटची कडी काढली मात्र, वरच्या बिजागरीचे स्क्रू टपटप खाली पडले आणि झडप तिरकी होऊन त्यांच्या खांद्यावर आली.

दोघांनी मान वळवून एकमेकांकडे बघितलं.

विलासकाकांनी एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ही उघडून दाखवा. शेड गेली. अण्णांनी फक्त बाजूला सरकायचं होतं. भेळ गेली.

बाहेर गाडीचं दार वाजलं. साहेब छत्री मिटत आत आले.

विलासकाका फिरले आणि सागवानी झडपेला पाठ लावून उभे राहिले. हाताची घडी. अण्णांनी कंपोझिटची झडप खांद्याने वर उचलली, चौकटीत बसवली आणि तेही तिला पाठ लावून उभे. हाताची घडी.

साहेब मधोमध. एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे.

"उघडा बघू," साहेब विलासकाकांना म्हणाले.

"पाऊस आत येईल साहेब. फरशी नवी आहे."

"बरं. मग अण्णा, तुमच्या बाजूची."

"इकडूनही येईल."

"दोन्हीकडून कसा येईल पाऊस?"

"धरणाकडचा पाऊस आहे साहेब," अण्णा म्हणाले. "त्याचा भरवसा नाही."

साहेब हसले. एक खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "हे बघा, आपल्या मालाला कुणी वाईट म्हणत नाही. तुम्ही एकमेकांच्या मालाबद्दल सांगा. अण्णा, कंपोझिट कसं आहे?"

अण्णांच्या कपाळावर घाम. झडपेचं सगळं वजन त्यांच्या खांद्यावर. वर्षभर त्या मालाला भेळ म्हणणारा माणूस.

"भरीव आहे," अण्णा म्हणाले. "पाण्याने फुगत नाही. स्वयंपाकघर, बाथरूम, मागची बाजू, जिथे ओल आहे तिथे डोळे झाकून लावा. बिजागऱ्या मात्र मोठ्या पाहिजेत. त्या आम्ही बदलून देऊ."

"विलासराव, लाकूड?"

"घराला घरपण येतं साहेब," विलासकाका म्हणाले. "हॉल आणि बेडरूमला दुसरं काही शोभत नाही. पावसाळ्याच्या आधी एकदा रंधा मारावा लागतो, बस. तो आमची माणसं येऊन मारतील. शेड आहे आमची."

साहेबांनी दोघांकडे परत एकदा बघितलं. "मग तसंच करू," म्हणाले. "पुढे लाकूड, मागे कंपोझिट. सगळ्या बंगल्यांना." आणि छत्री उघडून गेले.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत दोघेही जागचे हलले नाहीत. मग अण्णा बाजूला झाले, झडप लोंबायला लागली. विलासकाका आले, त्यांनी ती धरली. अण्णांनी खाली वाकून स्क्रू गोळा केले. कंपोझिट बसवून झाली तसे दोघे मिळून सागवानी झडपेला भिडले.

निघताना मला राहवेना. अण्णा स्कूटरला किक मारत होते, तेवढ्यात मी विलासकाकांना हळूच गाठलं.

"काका, तुम्ही त्या खिडकीसमोरून सरकला का नाहीत?"

विलासकाकांनी रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली, चष्म्यावरचं पाणी पुसलं.

"साहेबांच्या डोळ्यावर ऊन येत होतं गं," ते म्हणाले आणि अण्णांच्या मागे बसले.